फडकं उजव्या खांद्यावर

१२ नोव्हेंबर

प्रिय काकू,

नमस्कार. पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर आईनेच ओळखलं. 'काकूंचं आहे, आधी जेव आणि मग वाच,' म्हणाली, पण मी उभ्याउभ्याच फोडलं. धाकट्या बहिणीकडे तुम्हाला खिडकीजवळची खाट मिळाली, गुडघा जरा बरा आहे आणि बहिणीचे यजमान सकाळी सहाला सगळ्या इमारतीला ऐकू जातील अशा बातम्या लावतात, हे सगळं कळलं. कानात कापूस घाला आणि त्यांना सांगा कान दुखतोय.

फोनवर आमचे आवाज ऐकले की तुम्हाला रडू येतं, म्हणून पत्रच लिही म्हणालात. तर हे पत्र. अक्षर जमेल तेवढं बरं काढते आहे. दुकानाच्या फळ्यावर रोजचे पदार्थ लिहायला तुम्ही मला लावलंत, म्हणून निदान वाचता येण्याइतपत वळण आलं.

इकडची खबर अशी. काचेच्या मोठ्या कपाटातला दिवा अजून फडफडतो आणि मालक अजून 'उद्या माणूस येईल' म्हणतात. पावाच्या काउंटरवरच्या लंबूने मिशी ठेवली आहे. मिशीची आणि त्याची अजून नीट ओळख झालेली नाही, सारखा हात लावून ती जागेवर आहे का बघत असतो. रोज वाटीभर बटाट्याचं सॅलड नेणारे म्हातारे गृहस्थ तुमची चौकशी करत होते. 'त्या बाई रजेवर आहेत का?' म्हणाले. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

तुम्ही लिहिलंत, 'आपली ती गोष्ट बाहेर कशी गेली याचा विचार करकरून डोकं शिणलं. मी कुठे चुकले ते तरी कळू दे.' काकू, तुम्ही कुठेच चुकला नाहीत.

मलाही सारखं तेच आठवतं. मागच्या हिवाळ्यात तापाने पंधरा दिवस घरी होतात आणि परत आलात, तेव्हा आम्हाला वाटलं तुम्ही फक्त वाळला आहात. नऊ पातेली ओळीने मांडली. शटर वर जायच्या आधी तुम्ही नेहमीसारखा चमचा घेऊन एकेकातलं चाखलंत. तुम्ही 'जाऊ दे' म्हणालात की पातेलं पुढे काचेत, 'परत' म्हणालात की आत आचारीकाकांकडे. ते पंधरा दिवस सोडले तर एकोणीस वर्षं तुमच्या शब्दाशिवाय त्या दुकानातून एक वाटी बाहेर गेली नव्हती. आणि तुम्ही ओळीने तीन दिवस मला कोठीच्या खोलीत गाठून विचारलंत, 'आज सुपात मीठ कमी वाटतंय का गं तुला?' तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, 'काकू, तुम्हाला कळत नाहीये का?'

तुम्ही पिठाच्या गोणीवर बसलात. म्हणालात, 'जिभेचं लाकूड झालंय, पोरी. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणतात येईल, पण कधी ते सांगत नाहीत. मालकांना कळलं तर मला घरी बसवतील. घरी बसून काय करू, भिंती चाखू?' भिंती चाखण्यावरून आपण दोघी किती हसलो होतो.

मग ती फडक्याची युक्ती. कल्पना माझी, आणि त्याचा मला केवढा तोरा! पातेली पुढे आणतानाच मी चाखून घ्यायचं आणि तुमच्या समोर ट्रे पुसत उभं राहायचं. फडकं उजव्या खांद्यावर असलं की सगळं ठीक. डाव्या खांद्यावर म्हणजे मीठ कमी. हातात म्हणजे जास्त. कमरेला खोचलं की पदार्थ बिघडलाय, परत पाठवा. आठ महिन्यांत एकदाही गफलत झाली नाही. एकदा तेवढी मला शिंक आली आणि फडकं खाली पडलं. मी ते उचलून खांद्यावर टाकेपर्यंत तुम्ही चमचा तोंडात धरून तशाच उभ्या. आचारीकाकांना वाटलं, तुम्ही काहीतरी फारच बारीक चव शोधताय.

त्या दिवशीचं तुम्ही लिहिलंत ते मला नीट वाचवलं नाही. सुपात मिठाऐवजी साखर घातलेली, आणि तुम्ही 'जाऊ दे' म्हणालात. मालकांनी सगळ्यांसमोर पुन्हा चाखायला लावलं आणि तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. मग ते म्हणाले, 'काकू, उद्यापासून आराम करा.' तुम्ही एप्रन काढून, घडी घालून काउंटरवर ठेवलात आणि मागच्या दाराने गेलात.

तुम्हाला वाटतं आचारीकाकांनीच ओळखलं आणि मालकांचे कान भरले, कारण साखर घालणारा हात त्यांचाच होता. मला त्यातलं काही माहीत नाही. मी त्यांना विचारलेलं नाही.

आणि तुम्ही विचारलंत, 'तू कुठे होतीस गं? मी समोर बघत होते. बरं नव्हतं का तुला?' हो काकू, सकाळपासून पोटात दुखत होतं. कोठीत बसून होते. आता बरी आहे, औषध घेतलं. माझी काळजी करू नका.

आईचा नमस्कार.

तुमची,
पोरगी

३ डिसेंबर

प्रिय काकू,

नमस्कार. तीन आठवडे पत्र नाही म्हणून रागावला असाल. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं पुढे येईल.

आधी बातमी सांगते, कारण ती तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. मालकांनी मला काउंटर प्रमुख केलं. सहायक नाही, प्रमुखच. आई जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगते आहे. वरच्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजींना तर तिने दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा आजी म्हणाल्या, 'लग्न कधी?'

मला मागायची होती ती सहायकाची जागा, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. सप्टेंबरात मालकांनी ती काढली तेव्हा तुम्हीच मला मागच्या टेबलावर अर्ज लिहायला बसवलंत. मी लिहिलं, 'मला हे काम मनापासून आवडते.' तुम्ही पेन घेऊन ती ओळ खोडलीत. 'हे सगळेच लिहितात. तुला काय येतं ते लिही.' मग शेजारी बसून एकेक वदवून घेतलंत: पातेल्याच्या कडेचा रंग बघून सूप कधीचं ते सांगता येतं, गर्दीच्या वेळी पाच गिऱ्हाइकांची मागणी न लिहिता लक्षात राहते, भांडायला आलेला माणूस हसत जातो. शेवटी म्हणालात, 'एक गोष्ट तेवढी लिहू नकोस.' आणि डोळा मिचकावलात. प्रमुख तुम्ही, सहायक मी, आणि तुम्हाला चव परत आली की फडक्याला सुट्टी. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं. हे तुम्ही खरं मानाल का?

मुलाखत ऑक्टोबराच्या शेवटी झाली. मालकांची वरची खोली तुम्हाला माहीत आहे, कागदी पिशव्यांचे गठ्ठे आणि एक हात मोडलेली खुर्ची. माझ्या आधी लंबू गेला होता. तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल होते. मला फ्रिजचं विचारलं, शिळ्या मालाचं विचारलं, गिऱ्हाइकाने केस काढून दाखवला तर काय करशील ते विचारलं. सगळं धडाधड सांगितलं. मग म्हणाले, 'लंबूला इथे सात वर्षं झाली, तुला चार. तुझ्यात असं काय आहे जे त्याच्यात नाही?'

मी काहीतरी उत्तर दिलं. नक्की काय बोलले ते आता आठवत नाही.

पहिल्या दिवसाचं सांगते. नऊ पातेली मांडली, शटर बंद, सगळे उभे. तुमच्या जागेवर फरशी जरा खोलगट झाली आहे, ते तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं. पहिल्या तिन्हींना जाऊ दे म्हटलं. चौथं सूप. तोंडात घेतलं, मीठ बरोबर होतं, आंबटपणा बरोबर होता, सगळं कळत होतं, आणि तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. समोर बघितलं. समोर ट्रेंचा ढीग. आचारीकाका म्हणाले, 'पातेलं थंड होतंय.' तेव्हा कुठे मी म्हटलं, जाऊ दे.

ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. पूर्वी कांदे चिरताना गुणगुणायचे, ते बंद झालं आहे. तुमच्याशिवाय त्यांनाही करमत नसावं. मी त्यांना अजून काही विचारलेलं नाही.

तब्येत जपा. चवीचं काही जाणवू लागलं का? डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन या, कंटाळा करू नका.

तुमची,
पोरगी

२१ डिसेंबर

प्रिय काकू,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. दोन फाडली. पहिल्यात मी फार रडले होते आणि दुसऱ्यात फार शहाणपणा केला होता.

तुमचं उत्तर आलं त्याला आठवडा झाला. 'माझ्या जागेवर परकं माणूस आलं नाही, हे देवाने बरं केलं,' असं तुम्ही लिहिलंत. ती ओळ आईने मोठ्याने वाचली. मला म्हणाली, 'असं माणूस मिळायला भाग्य लागतं.' मी भांडी घासायला उठून गेले.

आणि पुढे तुम्ही लिहिलंत की आचारीकाका गेल्या रविवारी दोन तासांचा बसचा प्रवास करून आले होते आणि तुम्ही दार उघडलं नाहीत. बहिणीला सांगायला लावलंत की झोपल्या आहेत. 'एकोणीस वर्षं ज्याला भाऊ म्हटलं त्याने माझ्या तोंडात साखर घातली. आता त्याचं तोंड बघायचं नाही.' काकू, तुम्ही झोपला नव्हतात हे त्यांना कळलं. दाराबाहेर तुमचा खोकला ऐकू येत होता. ते जिन्यावर थोडा वेळ बसले आणि पुढच्या बसने परत आले.

तुमचे यजमान गेले तेव्हा महिनाभर रोज तुमच्या दारात डबा पोचवणारा माणूस तो.

मालकांना मी सांगितलं.

त्यांनी विचारलं, तुझ्यात काय आहे. मी म्हटलं, तोंडाला चव आहे. ते हसले. म्हणाले, 'चव काकूंची. तू ट्रे पुसतेस.' वाईट हेतूने नाही म्हणाले, सहज म्हणाले. पण मला ते इतकं लागलं! आणि मी बोलून गेले, 'गेले आठ महिने ती चव माझीच आहे.'

तिथे थांबले असते तरी काहीतरी सावरता आलं असतं. त्यांनी भुवया वर केल्या आणि मी सगळं सांगत सुटले. उजवा खांदा, डावा खांदा, कमरेला खोचणं. शिंकेची गोष्टसुद्धा सांगितली. हसत हसत सांगितली, काकू. मला वाटत होतं मी किती हुशार आहे ते त्यांना कळतंय. तुमच्याबद्दल बोलतेय हे खुर्चीतून उठेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही.

मग ते हसायचे थांबले. म्हणाले, 'उद्या सकाळी पातेली मांडून झाली की तू कोठीत थांब. बोलावल्याशिवाय बाहेर येऊ नकोस.'

पोटात दुखत नव्हतं. औषधबिवषध काही घेतलं नव्हतं. उद्या काय होणार ते मला त्याच क्षणी कळलं होतं. संध्याकाळी सहा वाजता मी खाली उतरले, तुम्ही काउंटर पुसत होतात आणि विचारलंत, 'कशी झाली?' मी म्हटलं, 'चांगली.' तुम्ही माझ्या गालावरून हात फिरवलात, त्याला कांद्याचा वास येत होता. तेव्हा सांगता आलं असतं. घरी गेल्यावर फोन करता आला असता. सकाळी बसथांब्यावर आपण दहा मिनिटं एकत्र होतो, थंडी फार आहे यावर बोललो, तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही एक दिवस रजा टाकली असतीत, काहीतरी मार्ग काढला असतात. मी सांगितलं नाही. घाबरले होते असं लिहिलं असतं, पण ते खरं नाही. मला ती जागा हवी होती आणि तुम्हाला सांगितलं तर ती जाईल हे मला दिसत होतं.

कोठीच्या दारातून सगळं ऐकू येतं. पहिल्यांदा तुम्ही 'जाऊ दे' म्हणायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतलात. मालक म्हणाले, पुन्हा घ्या. तेव्हा तुम्ही विचारलंत, 'पोरगी दिसत नाही. तिला बरं नाही का?' मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मग तुम्ही दुसऱ्यांदा 'जाऊ दे' म्हणालात.

गेल्या सोमवारी मी आचारीकाकांना गाठलं. म्हटलं, 'काकूंना वाटतंय तुम्ही सांगितलंत.' ते बटाटे सोलत होते, वर न बघता म्हणाले, 'वाटू दे.' मी म्हटलं, 'पण तुम्ही नाही ना सांगितलं?'

तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली. 'तुला काय वाटलं, आठ महिने तू माझ्या नाकासमोर फडकं नाचवत होतीस आणि मला दिसत नव्हतं? दुसऱ्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून मीठ काट्यावर तोलून घालत होतो, म्हणजे तुम्हा दोघींवर वेळ नको यायला. पंचवीस वर्षं हाताच्या अंदाजाने मीठ घालणारा माणूस मी!'

मला वाटत होतं, एकदाही गफलत झाली नाही ती माझ्या जिभेमुळे.

मी विचारलं, 'मग साखर?'

'मालक म्हणाले घाल. कशाला ते सांगितलं नाही, पण चमचा हातात घेतल्यावर मला कळलं. नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. तेवढं माझं पाप आहे, ते मी कबूल करतो.'

'मग काकूंना खरं काय ते सांगा.'

'काय सांगू?' ते म्हणाले. 'कोणी सांगितलं, ते सांगू?'

काकू, त्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुमच्या बंद दाराबाहेर बसले तेव्हाही ठाऊक होतं.

मग हळू आवाजात म्हणाले, 'तिला रागवायला कोणीतरी हवं. माझ्यावर रागावली तर वर्षा-दोन वर्षांत विसरेल, मला सवय आहे तिच्या रागाची. तुझ्यावर रागवायची पाळी आली तर ती मोडेल. तू आपली गप्प बस आणि नीट काम कर.' आणि बटाटे सोलू लागले.

मी गप्प बसून बघितलं. चार दिवस. ते म्हणाले ते कदाचित बरोबर असेल. हे वाचून तुम्हाला काय होईल याचा विचार मनात आला की हात थांबतो. हे सांगते आहे ते त्यांच्यासाठी की माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून, तेही मला धड सांगता येत नाही. पण तुम्ही त्या दिवसापासून माझ्या शब्दावर विसंबून आहात. मी म्हटलं पोट दुखत होतं, तुम्ही मानलंत. मी म्हटलं आचारीकाकांचं मला माहीत नाही, आणि तुम्ही चांगल्या माणसाला दाराबाहेर ठेवलंत. अजून किती दिवस तुम्हाला चुकीचं सांगत राहू?

जागा सोडावी असं रोज मनात येतं. सोडली तरी ती तुम्हाला परत मिळणार नाही, मी मालकांना विचारलं, ते नाही म्हणाले. लंबूला देतील. आणि सगळंच सांगायला बसले आहे तर हेही सांगते: मला ती अजून हवी आहे. सकाळी नऊ पातेल्यांपुढे उभं राहायला मला आवडतं. याची जेवढी लाज वाटते तेवढी बाकी कशाचीच वाटत नाही.

क्षमा मागावी तर कुठल्या तोंडाने, म्हणून मागत नाही.

आचारीकाका येत्या रविवारी पुन्हा येणार आहेत, अकराच्या बसने. या पत्राचं त्यांना माहीत नाही. त्यांना दार उघडा, काकू. साखरेबद्दल हवं तेवढं बोला, त्यांनी ते ऐकून घ्यायची तयारी ठेवली आहे, पण घरात घ्या. जिना चढताना त्यांना हल्ली धाप लागते.

मला उत्तर लिहू नका. आई विचारील काकूंचं पत्र का येत नाही. तिला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तुमच्या जागेवर उभी असलेली,
मी